झाकली मूठ कुणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण सर्वांनी वाक्यात उपयोग करण्यासाठी शाळेत पाठ केलेली आहे. माणसाची खरी परिस्थिती जोवर चारचौघांत उघडी पडत नाही, तोवर त्याची पत शाबूत राहते, असा तिचा अर्थ गुरुजींनी सांगितला होता. त्या वेळी एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मूठ झाकायची की उघडायची, हे ठरवायचे कोणी? ज्याची मूठ त्याने, की ती उघडायला लावण्याची ताकद ज्याच्याजवळ आहे त्याने? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. राज्यशास्त्र हा माझा विषय आहे, आणि हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटला.

आमचे घर जामनेर तालुक्यातील एका खेड्यात आहे. दोन खोल्या आणि माणसे सात. स्वतंत्र खोली, स्वतंत्र कपाट असल्या गोष्टी मी प्रथम मैत्रिणीच्या घरी पाहिल्या. आमच्या घरी कुलूप होते ते फक्त आजीच्या पत्र्याच्या पेटीला, आणि किल्ली तिच्या कमरेला. त्या पेटीत काय आहे हे घरातील पोरासोरांनाही ठाऊक होते : एक ठेवणीतले लुगडे, आजोबांचा फोटो, पोस्टाचे पासबुक आणि थोडी चिल्लर. लपवण्यासारखे त्यात काहीच नव्हते. तरीसुद्धा तिला विचारल्यावाचून माझ्या वडिलांनीही ती पेटी कधी उघडली नाही.

गुपित आणि खाजगी यांतील फरक मला त्या पेटीवरून कळतो. गुपित म्हणजे जे दुसऱ्याला ठाऊक नाही ते. खाजगी म्हणजे जे ठाऊक असले तरी ज्याच्यावर दुसऱ्याचा हात पडू नये ते. ‘ज्याने काही वाईट केले नाही त्याला लपवायचे काय?’ असे पुष्कळदा म्हटले जाते. त्या म्हणण्यात हे दोन्ही शब्द एक करून टाकलेले असतात. आजीने काही वाईट केलेले नव्हते, पण पेटी तिची होती.

एक अनुभव

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीनंतर वडिलांनी कापसाच्या पैशांतून मला मोबाईल घेऊन दिला. एकदा रिचार्ज करण्यासाठी मी एका दुकानात गेले आणि तेथील वहीत माझा नंबर लिहिला. तिसऱ्या दिवसापासून अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. रात्री संदेश येऊ लागले, आणि त्यांत माझे नावही होते.

मी घरी कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर दोष वही उघडी टाकणाऱ्याला लागला नसता. तो प्रथम मोबाईलला लागला असता आणि त्यानंतर कॉलेजला. ‘पोरीच्या जातीला हवा कशाला फोन?’ येथून सुरू झालेले बोलणे ‘हवे कशाला शिक्षण?’ येथे येऊन थांबायला फार वेळ लागत नाही, हे खेड्यातून येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना समजावून सांगावे लागणार नाही. मी जवळजवळ दोन महिने फोन बंद ठेवून एस. टी.ने ये-जा केली. अखेर धीर करून आमच्या एका मॅडमना सांगितले. त्यांनी नंबर बदलून घेण्यास सांगितले; शिवाय, स्त्रीचा असा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि नव्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे, हेही सांगितले. दहा आकड्यांसाठी माझे शिक्षण पणाला लागले होते. खाजगीपणा ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन आहे, असे कोणी म्हटले की मला ते दोन महिने आठवतात.

कायद्याने काय दिले

आपल्या राज्यघटनेत ‘खाजगीपणाचा हक्क’ असे शब्द कोठेही नाहीत. त्यामुळे हा हक्क न्यायालयांतून हळूहळू घडत आला. उत्तर प्रदेशातील खरकसिंग या माणसावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद उघडून त्याच्यावर पाळत ठेवली. ते रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मात्र मान्य केले नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवून तो मान्य केला. त्यांचे मत त्या वेळी अल्पमतात राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाळत प्रथम बसते ती दुबळ्यांवर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्याकडील पारध्यांसारख्या समाजांना जन्मापासूनच संशयित ठरवून त्यांची नोंद ठेवली जाई आणि हजेरी घेतली जाई. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे कार्यालयही १८९७ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्यास निघाले.

महाराष्ट्रातील एक खटलाही येथे सांगितला पाहिजे. एक पोलीस निरीक्षक रात्री एका स्त्रीच्या घरात शिरला, असा त्याच्यावर आरोप होता आणि चौकशीनंतर त्याला बडतर्फ करण्यात आले. त्या स्त्रीचे चारित्र्य चांगले नाही, तेव्हा तिच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवावी, अशा विचाराने उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हा विचार खोडून काढला. स्त्रीचे चारित्र्य लोकांच्या दृष्टीने कसेही असो, तिच्या घरात तिच्या इच्छेविरुद्ध शिरण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. खाजगीपणा हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. तो माणूसपणाबरोबरच येतो.

शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेच्या कलम २१ खालील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारला त्यात हात घालावयाचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. याच निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. वडिलांनी दिलेला निकाल मुलाने फिरवला, यापेक्षा न्यायबुद्धीचे बोलके उदाहरण आमच्या पिढीला कोणते हवे?

टेंभलीपासून

आता आपल्या खानदेशाकडे वळू. २०१७ च्या या निकालाचे मूळ ज्या वादात आहे तो वाद आधारविषयीचा, आणि आधारची सुरुवात आपल्याच भागात झालेली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत या गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याजवळ स्वतःची ओळख पटवायला कागदाचा तुकडाही नव्हता, अशा माणसांना ओळख मिळावी हा हेतू होता आणि तो चांगला होता, यात शंका नाही. ओळखीच्या कागदावाचून रेशनच्या दुकानातून परत येणे काय असते, हे आमच्या घराला ठाऊक आहे.

परंतु क्रम पाहा. बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची छायाचित्रे २०१० पासून घेतली गेली. त्यासंबंधीचा कायदा झाला २०१६ मध्ये. आधी ठसा, मग सहा वर्षांनी कायदा! २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ही योजना वैध ठरवली. सरकारी अनुदाने व पॅन यांच्याशी आधारची जोडणी कायम राहिली. बँक खाते आणि मोबाईल यांसाठीची सक्ती मात्र रद्द झाली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने तेथे स्वेच्छेची वाट ठेवली. तथापि काउंटरपलीकडचा माणूस ‘आधार द्या’ म्हणतो तेव्हा ‘हे स्वेच्छेचे आहे ना?’ असे विचारण्याचे बळ आपल्यापैकी किती जणांत असते?

तंत्राने काय दिले

तंत्रज्ञान केवळ पाळतच ठेवते असे नाही. ते झाकण्याचीही सोय करते. आधारची अशी प्रत काढता येते की जिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. मूळ क्रमांकाऐवजी वापरता येईल असा सोळा आकडी पर्यायी क्रमांक मिळतो. आपल्या बोटांचे ठसे ‘कुलूपबंद’ करून ठेवता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. या तिन्ही सोयी फुकट आहेत.

ठशांच्या कुलपाचे महत्त्व मला वडिलांमुळे पटले. आयुष्यभर निंदणी-वेचणी करून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनचे यंत्र त्यांना कित्येकदा ओळखत नाही. दुसरीकडे काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरील ठसे उचलून, त्यांची नक्कल करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. म्हणजे खऱ्या अंगठ्याला यंत्र ओळखत नाही आणि खोट्याला ओळखते! शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

परंतु या सोयी माहीत कोणाला आहेत? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कोणालाही सरसकट देऊ नका, झाकलेल्या आकड्यांची प्रत द्या’ असा इशारा प्रसिद्ध केला, आणि त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून दोन दिवसांतच तो मागे घेण्यात आला. गावातल्या माणसापर्यंत ना इशारा पोहोचला, ना त्याची माघार. तो पूर्वीसारखाच प्रत्येक अर्जाला एक झेरॉक्स जोडतो आहे.

धोरणाचा पेच

मी चौदा वर्षांची असताना, २०२० साली, आमच्या गावात कर्जमाफीची यादी लागली. वडिलांना वाचता येत नाही म्हणून ते मला घेऊन गेले. आमचे नाव होते. मी आनंदाने मोठ्याने वाचले आणि मागे उभ्या असलेल्या सर्वांनी आमच्या कर्जाचा आकडा ऐकला. वडील परत येताना काही बोलले नाहीत. कर्ज फिटल्याचा आनंद आणि झाकली मूठ उघडल्याचे दुःख एकाच दिवशी होऊ शकते, हे तेव्हा मला कळले नव्हते.

मग याद्या लावूच नयेत काय? तसे म्हणता येणार नाही. रोजगार हमीच्या मस्टरवरील खोटी नावे आणि रेशनमधील बनावट कार्डे पकडली जातात ती नावे उघडी असतात म्हणूनच. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. देशाचा कायदा आला २००५ मध्ये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकार कायद्याचे वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले. पूर्वी त्या कलमातच सार्वजनिक हिताचा अपवाद होता. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्याच कारणावर नकार देता येतो. सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद दुसऱ्या पोटकलमात शिल्लक आहे, परंतु ती वापरून माहिती मिळवण्याचे ओझे सामान्य माणसाच्याच खांद्यावर येईल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली आहे. सामान्य माणसासाठी मागितलेला पडदा कारभाऱ्यांच्या दारावर लागू नये.

माझ्या अल्प बुद्धीला यातून एक साधे सूत्र सुचते. ज्याच्या हाती सत्ता आणि सार्वजनिक पैसा, त्याचा कारभार उघडा असावा. ज्याच्या हाती फक्त अर्ज, त्याची मूठ झाकलेली असावी. यादीत नाव आणि गाव लावल्याने काम भागत असेल तर खाते क्रमांक, आजार किंवा घरातील भानगड भिंतीवर लावण्याचे कारण नाही.

कायदा जेथे संपतो

२०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अंमलात आणण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी हवी हे सांगून संमती घेतली पाहिजे. ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे आपल्या मराठीतही, मागता येते. दिलेली संमती परत घेता येते, आणि काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्यास सांगता येते. माहितीची राखण न करणाऱ्या संस्थेस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना मात्र सूट देण्याची मोठी मोकळीक कायद्यात आहे, आणि तिच्यावर बरीच टीका झालेली आहे.

या कायद्याबद्दल वाचताना दोन गोष्टींपाशी मी अडखळले. एक, हा कायदा डिजिटल स्वरूपातील माहितीपुरता आहे. नुसत्या कागदावर राहिलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे रिचार्जच्या दुकानातील ती वही त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. दोन, एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कामासाठी ठेवलेली माहितीही त्यातून वगळली आहे. हे दुसरे वाक्य वाचले आणि मी माझा मोबाईल उघडला.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा आमच्या गल्लीत अर्ज भरू शकेल अशी मीच होते. मोबाईलवरील नारीशक्ती दूत ॲपवर मी तेवीस जणींचे अर्ज भरले. त्यांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक असे सगळे माझ्यापुढे ठेवले. ‘जपून ठेवा हं काकू, कोणालाही देऊ नका,’ असे मी म्हणाले तेव्हा एक काकू हसून म्हणाल्या, “आमच्यापाशी आहे काय पोरी, लपवायला?” पुढे २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्याच बाया पुन्हा आल्या आणि त्यांच्या मोबाईलवर आलेले ओटीपी मीच वाचून घातले. त्या निर्धास्त होत्या, कारण मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर.

आणि आता, हा लेख लिहिण्यास बसले असताना, माझ्या मोबाईलमध्ये गॅदरिंगच्या आणि अजिंठ्याच्या सहलीच्या फोटोंमध्ये त्या तेवीस जणींचे आधार, पासबुक आणि चेहरे तसेच पडलेले होते. मधल्या काळात तो मोबाईल माझ्या भावाने नेला होता, मैत्रिणींनी हाताळला होता, एकदा दुरुस्तीलाही गेला होता. त्या दुकानदाराच्या वहीत आणि माझ्या मोबाईलमध्ये फरक तो काय? त्यानेही मुद्दाम काही केले नसेल. त्यानेही नुसती वही उघडी ठेवली असेल.

मी ते सर्व फोटो पुसले. जेथे आपोआप साठवले गेले होते तेथूनही पुसले. नंतर प्रत्येकीच्या घरी जाऊन तसे सांगितले. बहुतेकींनी ‘बरं केलं’ म्हटले. लपवायला काय आहे असे विचारणाऱ्या काकू मात्र क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे एवढे दिवस होते व्हय तुझ्यापाशी?” मला उत्तर देता आले नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकजण आपापल्या गल्लीचे अर्ज भरणारे आहोत. आपल्या आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना जे वाचता येत नाही ते आपल्याला वाचता येते, म्हणून त्यांच्या मुठी आपल्या हातात येतात. न्यायालयाने हक्क मान्य केला, तंत्राने कुलूप दिले, सरकारने उशिरा का होईना कायदा केला. पण दिल्लीत झालेला कायदा आणि आपल्या गल्लीतील काकू यांच्या मध्ये जो शेवटचा माणूस उभा आहे तो आपण आहोत. अर्ज भरून झाला की फोटो पुसावेत. झेरॉक्सवर ती कोणत्या कामासाठी दिली ते लिहावे. ओटीपी कशाचा आहे हे सांगितल्यावाचून तो मागू नये. आकडे झाकलेल्या आधारची प्रत कशी काढतात, हे एकीला तरी शिकवावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. यातील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

आजी जाऊन आता तीन वर्षे झाली. तिची पेटी आमच्या घरात आहे आणि किल्ली खिळ्याला टांगलेली आहे. परवा आईने त्या पेटीतले पासबुक काढायचे होते म्हणून मला किल्ली द्यायला सांगितली. किल्ली घेताना तिने एकदा आजीच्या फोटोकडे पाहिले आणि मगच पेटी उघडली.